मुलाच्या अंगावर काळे-निळे डाग: मारहाणीची चौकशी कराच, पण त्याच दिवशी रक्तही तपासा

येरळाकाठ

नमस्कार. विट्याजवळच्या एका गावातून लिहिते आहे. आमच्या खानापूर-आटपाडी भागातली कितीतरी घरं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यासाठी परमुलखात असतात. माझे मोठे दीर आणि जाऊबाई तमिळनाडूत आहेत. पोराची शाळा मराठीतून व्हावी म्हणून त्यांचा धाकटा मुलगा इथे आजीजवळ आणि माझ्याजवळ राहतो. म्हणजे मी त्याची चुलती.

पहिलीत असताना त्याच्या अंगावर डाग दिसायला लागले. नडगीला, गुडघ्याला डाग सगळ्याच पोरांना असतात, त्याचं कुणाला काही वाटत नाही. हे पाठीवर होते, कमरेच्या वर होते, दंडाच्या आतल्या बाजूला होते. काही जांभळे, काही हिरवट-पिवळे. गॅदरिंगच्या नाचासाठी कपडे बदलताना बाईंनी ते पाहिले आणि त्याला बाजूला घेऊन विचारलं. तो म्हणाला, "कोण मारत नाय, आपोआप येतंय." मग मला शाळेत बोलावणं आलं.

बाईंबद्दल माझ्या मनात राग नाही. त्यांनी विचारलं नसतं तर उद्या खरंच मार खाणाऱ्या पोराला कुणी विचारलं असतं? पण बातमी गावात फिरली. "चुलती शेवटी चुलतीच" हे पाणवठ्यापासून पारापर्यंत ऐकलं. जाऊबाई फोनवर रडल्या, दीर बोलू नये ते बोलले. सासूबाई माझ्या बाजूने ठाम उभ्या राहिल्या म्हणून निभावलं.

या सगळ्या गदारोळात एक गोष्ट मागेच पडली. ते पोरगं रात्री पाय दुखतात म्हणून उठून रडत होतं. शाळेला पळत जाणारं पोर "उचलून घे" म्हणायला लागलं होतं. ताप यायचा, औषधाने उतरायचा, परत यायचा. ओठ पांढरे पडले होते. दात घासताना हिरड्यांतून रक्त यायचं. एका ठिकाणी तापासाठी कमरेत इंजेक्शन दिलं तर तिथे मोठी काळी गाठ धरली, आणि तीसुद्धा लोकांनी माझ्याच नावावर लावली.

शेवटी एका बालरोगतज्ज्ञांनी त्याचे सगळे कपडे काढून अंग पाहिलं. काखेत, मानेला हात लावून गाठी बघितल्या, पोट चाचपलं. पायावरचे बारीक ठिपके मला जवळ बोलावून दाखवले. लाल शाईच्या पेनाचं टोक टेकवत गेल्यासारखे. त्यांनी त्यावर पारदर्शक पट्टी दाबली. आजूबाजूची कातडी पांढरी झाली, ठिपके तसेच राहिले, म्हणजे ते कातडीखाली साकळलेलं रक्त होतं. त्याच दुपारी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ५.८, प्लेटलेट ११ हजार. मिरजेला बोन मॅरो, म्हणजे हाडातल्या मगजाची तपासणी झाली आणि एएलएल, म्हणजे रक्ताचा कर्करोग निघाला.

आता तो मेंटेनन्सवर, म्हणजे उपचाराच्या शेवटच्या लांब टप्प्यावर आहे. घरी गोळ्या, ठरल्या वेळी तपासणी, आणि शाळाही सुरू आहे. धागा काढायचं कारण असं की आमच्याकडे चौकशी झाली, भांडणं झाली, पंचायत झाली, पण रक्त तपासायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. इथे डॉक्टर, शिक्षक, अंगणवाडीवाल्या ताई आहेत. तुम्हाला माहीत असेल ते सांगा. कुठल्या तरी घराला उपयोग होईल.

पलूसकर_भाऊ

वहिनी, वाचताना घशात आवंढा आला. पोर शाळेत जातंय हे वाचून बरं वाटलं. जाऊबाई-दीर आता काय म्हणतात?

येरळाकाठ

भाऊ, निदान कळल्यावर दीर मिळेल त्या गाडीने आले. जाऊबाई पोराजवळ दवाखान्यात राहिल्या, मी घर आणि इकडचं बघितलं. ते सगळं मिटलं. त्यावर इथे जास्त नको.

बालरोग_कराड

ताई, तुमच्या पोस्टमध्ये निदानाला लागणारं जवळपास सगळं आलं आहे. मी थोडी भर घालतो.

रक्तातल्या तिन्ही पेशी हाडांच्या मगजात तयार होतात. ल्युकेमियात, म्हणजे रक्ताच्या कर्करोगात, त्या मगजात बिघडलेल्या पेशींची इतकी गर्दी होते की चांगल्या पेशींना जागाच उरत नाही. तांबड्या पेशी कमी पडल्या की मूल पांढरंफटक दिसतं, दमतं. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी पडल्या की ताप पिच्छा सोडत नाही. रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट कमी झाल्या की जरासा धक्का लागला, नुसतं काखेत धरून उचललं, तरी रक्त साकळतं. गच्च भरलेल्या मगजामुळे हाडं दुखतात, विशेषतः रात्री. हा लहान मुलांत सर्वांत जास्त आढळणारा कॅन्सर आहे आणि २ ते ५ वर्षं या वयात त्याचं प्रमाण सर्वाधिक असतं. म्हणजे नेमकं ते वय, ज्यात मुलाला काय होतंय ते धड सांगता येत नाही.

मारहाणीचा संशय कुठल्या डागांवरून यावा, हेही स्पष्ट लिहितो. खेळताना पडलेल्या मुलाला मार हाडाच्या पुढे आलेल्या भागावर लागतो: नडगी, गुडघा, कपाळ, हनुवटी, कोपर. कान, मान, गाल, पापणी, छाती-पोट-पाठ, कुल्ले इथे चार वर्षांखालच्या मुलाला डाग असेल तर विचारायलाच हवं. जे बाळ अजून पालथंही पडत नाही त्याच्या अंगावर कुठेही डाग असेल तर ती तातडीची बाब समजावी. पट्ट्याचा, वायरचा, बोटांचा, दातांचा आकार उमटलेला असेल तर तसंच. पण अडचण अशी की ल्युकेमियाचे डागही पाठीवर, पोटावर, कुठेही उठतात. म्हणून नुसत्या जागेवरून निकाल देता येत नाही.

रंगाबद्दल एक मोठा गैरसमज आहे. "काही डाग जांभळे, काही पिवळे, म्हणजे वेगवेगळ्या दिवशी मारलंय" असं पोलीस, शिक्षक आणि काही डॉक्टरही म्हणतात. डागाच्या रंगावरून तो किती जुना हे खात्रीने सांगता येत नाही. एकाच दिवशी उठलेले दोन डाग वेगळ्या रंगाचे दिसू शकतात. ताईंवर आलेल्या संशयात याचाही वाटा असणार.

एक्स-रे पण चकवतो. ल्युकेमियात हाडं ठिसूळ होतात, वाढीच्या टोकाजवळ फिकट पट्टे दिसतात, हाडावरचं आवरण उचललं जातं, कधी मणका दबतो. मनात आधीच मारहाण असेल तर हे सगळं जुन्या फ्रॅक्चरसारखं वाचलं जातं.

आणि सगळ्या पालकांना हात जोडून सांगतो: कारण कळलेलं नसताना स्टिरॉइडचं औषध देऊ नका, देऊ देऊ नका. ताप आणि सांधे-हाडं दुखतात म्हणून ते दिलं की दोन-चार दिवस मूल एकदम टवटवीत होतं, कारण एएलएलच्या पेशी स्टिरॉइडने काही काळ मरतात. मग रक्ताचा रिपोर्टही फसवा येतो, निदान लांबतं आणि पुढच्या उपचाराचं गणित बिघडतं. डाग उठणाऱ्या मुलाला कमरेत इंजेक्शन नको, आयब्युप्रोफेन किंवा ॲस्पिरिन नको, मालीश नको. तापाला पॅरासिटामॉल चालतं.

मिरज_लॅब

डॉक्टरांनी लिहिलंच आहे, मी तपासणीच्या बाजूने लिहितो. पावसाळ्यात आमच्या टेबलावर दिवसभर एकच प्रश्न असतो, "पेशी किती आल्या?" डेंग्यूमुळे आपल्याकडे घरोघरी लोकांना प्लेटलेट माहीत झाल्या आहेत. त्याचा एक तोटाही झाला. प्लेटलेट कमी दिसल्या की डेंग्यू धरून पपईच्या पानाचा रस सुरू होतो आणि पुढचं कुणी बघत नाही. डेंग्यूत प्लेटलेट पडतात आणि ताप गेल्यावर थोड्याच दिवसांत चढू लागतात. हिमोग्लोबिनही खाली आहे, पांढऱ्या पेशींचं काही तरी बिनसलंय आणि ताप रेंगाळतोय, असं एकत्र असेल तर तो रिपोर्ट घेऊन घरी बसू नये.

दुसरं, सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, मशीनवर होते. मशीन पेशी आकाराने मोजतं. कोवळ्या बिघडलेल्या पेशींना, ज्यांना ब्लास्ट म्हणतात, ते कधी कधी लिम्फोसाइट किंवा मोनोसाइट या साध्या पांढऱ्या पेशींमध्ये मोजून टाकतं. त्यामुळे "पांढऱ्या पेशी नॉर्मल आल्या" यावर कुणी विसंबू नये. ल्युकेमियात त्या वाढलेल्या, कमी किंवा अगदी नॉर्मलही असतात. चिठ्ठीवर "पेरिफेरल स्मिअर" लिहून घ्या. म्हणजे रक्ताचा थेंब काचेवर पसरून, रंगवून पॅथॉलॉजिस्ट स्वतः डोळ्यांनी बघतात. साधी, स्वस्त तपासणी आहे, तालुक्याच्या गावातही होते.

प्लेटलेटची नेहमीची पातळी दीड ते साडेचार लाख. त्या नॉर्मल असूनही डाग उठत असतील तर पीटी आणि एपीटीटी या रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणाऱ्या तपासण्या करतात. हिमोफिलिया या रक्त नीट न गोठण्याच्या आजारात, जो बहुतेक करून मुलग्यांना होतो, पीटी बरोबर येते आणि एपीटीटी लांबते. अशी मुलंही "पडलं नाही तरी गुडघा सुजला" म्हणून येतात आणि घरच्यांकडे संशयाने बघितलं जातं.

जरंडेश्वर

मला याची दुसरी बाजू मांडायची आहे, कुणाला दुखवायचं नाही. मी साताऱ्यात मुलांसाठी काम करणाऱ्या गटात आहे. दारू पिऊन पोराला बेल्टने फोडणारे बाप मी पाहिलेत. ते उद्या हाच धागा दाखवून म्हणतील, "साहेब, रक्ताचा आजार आहे." आधीच आपल्याकडे "घरचा मामला" म्हणून शेजारी तोंड उघडत नाहीत. असा आजार विरळा, मारहाण रोजची. मग आपण लोकांना कुठे बघायला शिकवतोय?

बालरोग_कराड

तुमची भीती रास्त आहे, म्हणूनच नीट उत्तर देतो. रक्ताचा रिपोर्ट बापाच्या बोलण्यावर चालत नाही. बहाणा सांगणाऱ्याचा बहाणा तपासणीनेच उघडा पडतो: प्लेटलेट उत्तम, स्मिअर स्वच्छ, रक्त गोठण्याची वेळ बरोबर, आणि पाठीवर पट्ट्याचा वळ. मारहाणीच्या प्रकरणात या तपासण्या करून ठेवल्या नाहीत तर पुढे कोर्टात समोरचा वकील तोच मुद्दा काढतो. म्हणजे त्या मार खाणाऱ्या मुलाच्याही हिताच्या आहेत.

उलटंही सांगतो. प्लेटलेट कमी आल्या म्हणजे घर निर्दोष ठरत नाही. आजारी मूलही मार खाऊ शकतं, किंबहुना सतत रडणारं, चालायला नकार देणारं मूल जास्त खाऊ शकतं. चटका, पट्ट्याचा वळ, ओठ हिरडीला जोडणारी आतली पट्टी फाटणं यांचा खुलासा ल्युकेमियाने होत नाही.

संशय दोन्ही बाजूंचा असेल तर मी मुलाला भरती करून घेतो. वॉर्डात ते सुरक्षित राहतं, तपासण्या होतात, एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची वैद्यकीय नोंद, करायची तर करता येते. आणि परिचारिकेच्या देखरेखीखाली असतानाही नवे डाग उठले, तर ते डाग तरी आजाराचे, हे स्पष्ट होतं.

सांगली_वकील

कायद्याचं थोडक्यात. ज्याच्या ताब्यात मूल आहे त्याने मारहाण किंवा छळ केला तर बाल न्याय कायदा २०१५ चं कलम ७५ लागतं, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर पोक्सो २०१२ (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) च्या कलम १९ प्रमाणे कळवणं बंधनकारक आहे. कळवण्यासाठी १०९८ हा क्रमांक आहे, आणि जिल्ह्यात बालकल्याण समिती असते. कळवणाऱ्याने गुन्हा सिद्ध करायचा नसतो. संशय कळवायचा असतो, शहानिशा करणारी यंत्रणा वेगळी आहे.

या धाग्यापुरतं महत्त्वाचं म्हणजे मुलाच्या डागांचे फोटो शाळेच्या किंवा गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. चौकशीतल्या मुलाची ओळख कुठल्याही माध्यमातून उघड करायला कलम ७४ ने मनाई आहे. खरा गुन्हा असेल तरीही, नसेल तरीही.

जरंडेश्वर

भरती करून घेण्याचा मुद्दा पटला. आमच्या गटात आम्ही मूल थेट चौकीवर नेतो, दवाखाना नंतर येतो. तो क्रम बदलायला हवा, हे बैठकीत मांडतो.

माणदेशी_सेविका

मी माण तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे. आमच्याकडचे दोन-तीन प्रकार सांगते, कारण आमची नजर रोज मुलांवर असते.

एक, बाळाच्या कमरेवर-ढुंगणावर जन्मापासूनचा निळसर-राखाडी पट्टा. तो जन्मखूण आहे, दुखत नाही, रंग बदलत नाही, मूल मोठं होईल तसा बहुधा पुसट होतो. नव्याने आलेल्या एका ताईंना वाटलं बाळाला आपटलंय. मी म्हटलं, आधी आईकडचं कार्ड बघा, दवाखान्यात बाळंतपण झालंय, नोंद असेल. डाग पंधरा दिवसांनीही जसाच्या तसा असेल तर तो माराचा नव्हे.

दोन, बिब्बा. पाय मुरगळला, पोट दुखलं की म्हाताऱ्या बिब्ब्याचं तेल लावतात. कोवळी कातडी त्याने भाजते, फोड येतात, काळे चट्टे राहतात, आणि ते बघून कुणालाही चटका दिल्यासारखं वाटतं. मारायचा हेतू नसतो, पण इजा खरी असते. ते थांबवलंच पाहिजे. पाय दुखतो म्हणणाऱ्या पोराला बिब्बा लावला आणि खरा आजार हाडातला असला तर काय होईल, हे वरचं वाचून अंगावर काटा आला.

तीन, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक आमच्याकडे वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. तोवर थांबायची गरज नसते. मूल पांढरं दिसतंय, डाग आहेत, खेळत नाही, असं असेल तर मी आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करते. आईला एवढंच म्हणते, "रक्त कमी झाल्यासारखं दिसतंय, चला तपासून घेऊ." आई आनंदाने येते. तिला गुन्हेगारासारखं विचारलं असतं तर ती पोराला घेऊन माहेरी गेली असती आणि मग ना चौकशी, ना तपासणी.

येरळाकाठ

ताई, तुमचं हे शेवटचं वाक्य शाळाशाळांत पोचायला हवं. माझ्या मनातही तेव्हा आलं होतं की पोराला त्याच्या आईबापाकडे पाठवून द्यावं आणि मोकळं व्हावं.

वाईची_आई

आमचं प्रकरण रक्ताचं नव्हतं, म्हणून लिहिते. माझी मुलगी दोन वर्षांची असताना तिच्या दोन्ही डोळ्यांभोवती काळं-निळं झालं. पडली नव्हती. डोळा किंचित पुढे आल्यासारखा. एसटीत शेजारच्या बाईने मला तोंडावर विचारलं, "कुणी एवढं मारलं लेकराला?" सासर-माहेर दोन्हीकडे एकमेकांवर संशय. ती चिडचिडी झाली होती, मांडीवरून उतरायची नाही, पोट फुगल्यासारखं वाटायचं, ते आम्ही जंतांवर टाकलं होतं. डॉक्टरांनी डोळे बघितले आणि लगेच पोट चाचपलं. सोनोग्राफीत मूत्रपिंडाच्या वर गाठ. लघवीची खास तपासणी, बोन मॅरो, स्कॅन, आणि निदान न्यूरोब्लास्टोमा, म्हणजे मज्जातंतूंच्या कोवळ्या पेशींचा कर्करोग. केमो, ऑपरेशन झालं, अजून उपचार चालू आहेत. डोळ्यावरून पोटाकडे जाणारे डॉक्टर भेटले म्हणून कळलं.

बालरोग_कराड

वाईच्या ताई, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलं. न्यूरोब्लास्टोमा बहुतांशी पाच वर्षांखालच्या मुलांत होतो, बहुतेक वेळा मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत किंवा मणक्याजवळच्या मज्जातंतूंत सुरू होतो, आणि डोळ्याच्या खोबणीच्या हाडात पसरला की असे डोळे दिसतात. ठोसा लागल्यावर एक डोळा सुजतो, पापणी दुखते, कातडीला खरचटलेलं असतं. इथे बहुधा दोन्ही डोळे, आणि जखम कुठेच नाही. पण कवटीच्या तळाचं हाड मोडलं तरी दोन्ही डोळे असेच काळे पडतात. म्हणून अशा मुलाला डोक्याचा स्कॅनही लागतो आणि पोटाची सोनोग्राफीही. दोनपैकी एकावर भागवू नये.

तासगावचे_गुरुजी

येरळाकाठ ताई, शिक्षक म्हणून एक विचारतो. तुमच्या शाळेतल्या बाईंनी नेमकं कसं वागायला हवं होतं असं तुम्हाला वाटतं?

येरळाकाठ

गुरुजी, बाईंनी त्याला एकट्याला विचारलं, ते बरोबर केलं. मला बोलावलं, तेही बरोबर. मला वाटतं त्यांनी त्याच्याबद्दल आणखी दोन-चार प्रश्न विचारायला हवे होते. खेळाच्या तासाला पळतो का? डबा खातो का? वर्गात झोपतो का? ते त्यांनाच जास्त दिसत होतं. तो मधल्या सुट्टीत पायरीवर बसून राहायचा, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि चिठ्ठी देऊन आम्हाला डॉक्टरांकडे पाठवायला हवं होतं, हवं तर स्वतः सोबत येऊन. स्टाफरूमच्या बाहेर ते बोलणं जायला नको होतं.

पलूसकर_भाऊ

खर्चाचं कसं जमवलं? विचारतो कारण आमच्या पाहुण्यांत एक पोर असंच अडकलंय.

येरळाकाठ

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसलं. रेशनकार्ड आणि आधार लागतं, योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतात, पहिल्याच दिवशी त्यांना भेटा. परळच्या टाटा हॉस्पिटलला गेलो तेव्हा तिथल्या समाजसेवा विभागाने राहण्याची, काही औषधांची वाट दाखवली. आम्ही महालक्ष्मी एक्सप्रेसने जायचो, सकाळी दादरला उतरलं की टाटा जवळ. पाहुण्यांना सांगा, दोन-तीन वर्षांचा उपचार आहे, मधे पोर चांगलं दिसायला लागलं की सोडावासा वाटतो. सोडू देऊ नका. पुरा केला तर बहुसंख्य पोरं बरी होतात, असं आम्हाला तिथे सांगितलं.

खटावची_लेक

मी नुसती वाचत होते. माझ्या भाचीला, साडेतीन वर्षांची आहे, गेल्या आठवड्यापासून मांड्यांवर आणि पोटावर डाग आहेत. खेळते, जेवते, ताप नाही. मागे सर्दी-खोकला होऊन गेला. वहिनी म्हणते पाळणाघरात मारत असतील, तिथे भांडायला निघाली आहे. आज संध्याकाळी नाकातून रक्त आलं, चिमटीत धरून थांबलं. काय करू?

बालरोग_कराड

भांडण राहू द्या. आजच रात्री जवळच्या बालरोगतज्ज्ञाला किंवा जिल्हा रुग्णालयात दाखवा, सीबीसी आणि स्मिअर मागा. सर्दीनंतर प्लेटलेट एकाएकी पडण्याचा एक प्रकार असतो, आयटीपी. त्यात मूल बाकी ठणठणीत असतं, हिमोग्लोबिन आणि पांढऱ्या पेशी ठीक असतात, आणि बहुतेक मुलं त्यातून पूर्ण बरी होतात. तो ल्युकेमियापेक्षा जास्त आढळतो. पण आयटीपी म्हणून स्टिरॉइड सुरू करण्याआधी स्मिअर जाणकाराने पाहिलेली असू द्या, हे तिथल्या डॉक्टरांना जरूर विचारा. रिपोर्ट येईपर्यंत उड्या मारणं, सायकल, घसरगुंडी बंद. डोकं दुखतंय, उलटी झाली, सुस्त पडली तर थांबू नका, तडक दवाखान्यात. पाळणाघरात काय घडतंय याची चौकशीही करा, शांतपणे, रिपोर्ट हातात आल्यावर.

खटावची_लेक

दादा गाडी काढतोय. साताऱ्याला नेतोय.